गांजाची एक सिगारेट आणि तीन वर्षं: रोकी एरिक्सनची गोष्ट

आधी एक गाणं ऐका. 'यू आर गॉना मिस मी', साल १९६६, लांबी जेमतेम अडीच मिनिटं. सुरुवातीला गिटारवर काही कडक ठोके पडतात. लगेच मागून एक आवाज सुरू होतो, हुक्क्याच्या गुडगुडीसारखा, पण दुप्पट-तिप्पट वेगाने चाललेला. मग एक मुलगा किंचाळतो. त्या किंचाळीत राग आहे, मस्ती आहे आणि सूरही आहे. आता गळा फाटणार असं वाटेपर्यंत तो ती ताणतो आणि बरोबर तालावर परत गाण्यात उतरतो. हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा तो १८ वर्षांचा होता. गाणं लिहिलं तेव्हा १५ वर्षांचा.

त्याचं नाव रोकी एरिक्सन. रॉक संगीताच्या गप्पांत त्याची गोष्ट एका वाक्यात उरकली जाते: फार अ‍ॅसिड घेतलं आणि डोकं गेलं. अ‍ॅसिड म्हणजे एलएसडी. हे वाक्य मला कित्येक वर्षं खटकत आलंय. एक आजार, एक रसायन आणि एक सरकारी व्यवस्था अशा तीन गोष्टींचा त्यात गुंता झालाय. तो सोडवल्याशिवाय या माणसाचं नेमकं काय झालं ते कळतच नाही. म्हणून एकेक धागा सुटा करून बघू या.

बुधला घेतलेला माणूस

पूर्ण नाव रॉजर किनार्ड एरिक्सन. दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून 'रोकी' झालं. जन्म १५ जुलै १९४७ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा, पण वाढला ऑस्टिनमध्ये. वडील आर्किटेक्ट. आई एव्हलिन ऑपेरा गायची, चित्रं काढायची. लेकाला शिकवता यावं म्हणून आधी ती स्वतः गिटार शिकून आली. पाच भावांत रोकी थोरला. सगळ्यात धाकट्याचं नाव समनर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६५ साली शाळा संपायला महिनाभर उरला होता. केस कापून ये असं शाळेने सांगितलं, त्यावर रोकीने शाळाच सोडली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची गाठ टॉमी हॉलशी पडली. टॉमी वयाने मोठा, विद्यापीठात मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञानात बुडालेला, आणि एलएसडीने माणसाच्या जाणिवेची पातळी वर नेता येते यावर त्याचा गाढ विश्वास. त्याला वाद्य वाजवता येत नव्हतं. म्हणून त्याने एक शोधून काढलं.

अमेरिकेच्या दक्षिण भागात दारू साठवायला मातीचे बुधले वापरायचे. ज्यांना वाद्य परवडत नसे असे वादक त्या बुधल्यात फुंकर मारून खर्जातला आवाज काढायचे. टॉमी नुसती फुंकर मारत नव्हता. बुधला तोंडाशी धरायचा, मायक्रोफोन बुधल्याच्या तोंडाला लावायचा आणि घशातून भराभर बारीक आवाज काढायचा. लहानपणी मडक्यात तोंड घालून ओरडून आपण सगळ्यांनीच पाहिलंय; आवाज कसा घुमून वेगळाच होऊन परत येतो. तंत्र तेच, फक्त विजेवर चालणारं. गाण्याच्या मागे सतत चाललेली ती गुडगुड म्हणजे टॉमी. काही श्रोत्यांना ती आजही सोसत नाही. मला वाटतं, ती काढून टाकली तर उरेल एक चांगला गॅरेज बँड, म्हणजे घराच्या गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या पोरांचा असतो तसा. तिच्यामुळे तो दुसऱ्याच कुठल्या तरी जगातला बँड वाटतो.

बँडचं नाव 'द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स', म्हणजे तेराव्या मजल्याच्या लिफ्ट. तेरा आकडा अशुभ म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी इमारतींत बारानंतर थेट चौदावा मजला येतो. जो मजला बटणांवर नाहीच, तिथे नेणारी ही लिफ्ट. शिवाय इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर 'एम', आणि मारिजुआना 'एम'वरून. गिटारवर स्टेसी सदरलँड होता. त्याची गिटार एखाद्या रिकाम्या गोदामात वाजल्यासारखी घुमते. एलिव्हेटर्सचं गाणं ओळखायची ती दुसरी खूण.

१९६६ साली ह्यूस्टनच्या 'इंटरनॅशनल आर्टिस्ट्स' या छोट्या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. नावातच 'सायकेडेलिक' शब्द असलेल्या अगदी पहिल्या रॉक अल्बमांपैकी हा एक. मागच्या कव्हरवर टॉमीने चक्क अ‍ॅरिस्टॉटलपासून सुरुवात करून माणसाच्या विचारपद्धतीवर निबंध लिहिला होता. 'यू आर गॉना मिस मी' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ५५ व्या क्रमांकापर्यंत गेलं. टीव्हीवरच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक डिक क्लार्कने विचारलं, तुमच्यातला 'हेड' कोण? टॉमी म्हणाला, आम्ही सगळेच 'हेड' आहोत. त्या काळच्या बोलीत 'हेड' म्हणजे नशा करणारा. दुपारी घराघरांत लागणाऱ्या कार्यक्रमात हे बोलायला धाडस लागत होतं, आणि टेक्सासच्या पोलिसांच्या कानावर ते जाणार नाही असं थोडंच होतं? १९६६ च्या सुरुवातीलाच बँडवर गांजासाठी छापा पडून गेला होता.

त्याच वर्षी ऑस्टिनमध्ये गाणारी एक तरुणी या बँडमध्ये यायच्या विचारात होती. शेवटी ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि दुसऱ्या बँडमध्ये गाऊ लागली. ती जॅनिस जॉप्लिन, पुढे जगभर गाजलेली रॉक गायिका. तिच्या किंचाळीत रोकी ऐकू येतो असं म्हणणारे बरेच आहेत, आणि दोघांची गाणी लागोपाठ लावली की ते पटतं.

१९६७ च्या 'ईस्टर एव्हरीव्हेअर' या दुसऱ्या अल्बमबद्दल खूप लिहिता येईल, पण एकच सांगतो. त्यातलं पहिलं गाणं आठ मिनिटांचं आहे आणि टॉमीने त्यात जगभरच्या धर्मांतलं हाताला लागेल ते ओतलंय. आपल्याकडचा 'माया' हा शब्दही त्यात येतो. रोकी ते सगळं ज्या श्रद्धेने गातो, त्यामुळे शब्दांचा अर्थ लागला नाही तरी बिघडत नाही.

रसायन आणि आजार

'सायकेडेलिक' म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना गोव्यातल्या ट्रान्स पार्ट्या आठवतात. शब्द मात्र इस्पितळातून आलाय. हम्फ्री ऑस्मंड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने तो १९५० च्या दशकात ग्रीक शब्दांपासून बनवला. अर्थ साधारण 'मन उघडं करून दाखवणारं'. ऑस्मंड स्किझोफ्रेनियाचा अभ्यास करत होता. एलएसडी त्याआधीच, १९३८ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमनने तयार केलेलं. १९४३ मध्ये त्याचा परिणाम हॉफमनला स्वतःच्या अंगावर कळला. कंपनीने ते डॉक्टरांना वापरायला दिलं, आणि त्यामागचा एक हेतू असा होता की डॉक्टरने स्वतः घेऊन बघावं, म्हणजे रुग्णाच्या डोक्यात काय चालतं याचा त्याला अंदाज येईल. एलएसडी म्हणजे काही तासांपुरतं उसनं वेड, अशी त्या काळी समजूत होती.

गुंता इथेच सुरू होतो, कारण ही समजूत अर्धवट होती. एलएसडी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका ठरावीक ग्राहीवर, म्हणजे रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागेवर, काम करतं. रंग गडद होतात, भिंती श्वास घेतल्यासारख्या हलतात, काळाचं भान जातं. बदल मुख्यतः दिसण्यातले असतात, आणि आठ ते बारा तासांत उतरतात. आपण काहीतरी घेतलंय हे बहुतेकांना आठवतही असतं.

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. त्याचा मुख्य मारा कानांवर. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, तेही बहुधा दटावणारे, नावं ठेवणारे, हुकूम सोडणारे. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असा पक्का विश्वास बसतो आणि पुराव्याने तो हलत नाही. बोलण्यातले सांधे निखळतात. हे सगळं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतं. एक माणूस आत दोन व्यक्ती घेऊन फिरतो हा सिनेमाने पसरवलेला गैरसमज आहे. त्याचा या आजाराशी संबंध नाही.

मग रोकीला हा आजार एलएसडीमुळे झाला का? एका माणसाच्या बाबतीत याचं ठाम उत्तर कुणालाच देता येणार नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. पुरुषांमध्ये हा आजार बहुतेकदा विशीच्या आगेमागे वर येतो, मग माणसाने आयुष्यात चहाशिवाय काही घेतलेलं नसो. आणि ज्याच्या मुळातच तो आजार जडण्याची शक्यता असते, त्याच्यात गांजा किंवा एलएसडी ती ठिणगी लवकर पेटवू शकतात, पेटलेली भडकवू शकतात. एलिव्हेटर्सचे लोक अ‍ॅसिड घेऊन स्टेजवर चढायचे, आणि रोकीने ते असंख्य वेळा घेतलं. त्याच बँडमध्ये, त्याच काळात इतरही घेत होते. सगळ्यांचं असं झालं नाही. वाळलेल्या गवतात काडी पडली तर गवत आणि काडी दोन्ही मोजावी लागतात.

१९६८ साली सॅन अँटोनियोत 'हेमिसफेअर' नावाचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे वाजवताना रोकी असंबद्ध बडबडू लागला. तो तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. ह्यूस्टनच्या इस्पितळात त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला विजेचे झटके देण्यात आले.

एका सिगारेटची किंमत

१९६९ मध्ये ऑस्टिनच्या माउंट बॉनेल टेकडीवर पोलिसांनी रोकीला पकडलं. जवळ गांजाची एक सिगारेट. एकच.

टेक्सासचा त्या वेळचा कायदा समजून घ्यायला हवा. गांजा किती हा प्रश्नच तो विचारत नव्हता. चिमूटभर सापडला तरी गंभीर गुन्हा, आणि शिक्षा किमान दोन वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंत. तुलनेसाठी, अमली पदार्थांविरुद्धच्या आजच्या आपल्या एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प मात्रा' धरला जातो आणि त्याला कमाल एक वर्षाची कैद आहे. रोकीपुढे दहा वर्षं आत जाण्याची भीती होती.

बचावाने मार्ग काढला: वेडसरपणामुळे निर्दोष. ही तरतूद जगातल्या बऱ्याच कायद्यांत आहे. आपल्याकडे भारतीय दंडविधानाचं कलम ८४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. आपण काय करतोय हे मनाच्या आजारामुळे ज्याला कळत नव्हतं त्याला गुन्हेगार धरू नये, हे त्यामागचं तत्त्व. तत्त्व माणुसकीचं आहे. पण त्याच्या पोटात एक फास दडलेला असतो. तुरुंगाच्या शिक्षेला तारीख असते. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. 'निर्दोष पण वेडा' ठरलेल्या माणसाला इस्पितळात ठेवतात, आणि तिथून सुटायची तारीख कागदावर लिहिलेली नसते. डॉक्टर आणि कोर्ट जेव्हा म्हणतील तेव्हा. आणि आत राहून जो माणूस घाबरतो, चिडतो, पळायला बघतो, त्याची प्रत्येक कृती 'अजून बरा नाही' याचा पुरावा म्हणून नोंदली जाते.

रोकीला आधी ऑस्टिनच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं. तो तिथून पुनःपुन्हा पळाला. मग पूर्व टेक्सासमधल्या रस्क गावच्या इस्पितळात हलवलं, गुन्हेगार मनोरुग्णांसाठीच्या कडेकोट विभागात. रस्कची इमारत मुळात एकोणिसाव्या शतकात तुरुंग म्हणून बांधलेली, नंतर तिचं इस्पितळ झालेलं. आजूबाजूला खून करून आलेले लोक. त्यांच्यासोबत त्याने तिथे एक बँड काढला. १९७२ पर्यंत तो तिथेच होता.

तिथे त्याला थोराझिन आणि विजेचे झटके दिले गेले. या उपचारांबद्दल थोडं सविस्तर, कारण दोन्ही गोष्टींची नावं ऐकूनच लोक दचकतात. थोराझिन हे क्लोरप्रोमाझिन या औषधाचं अमेरिकेतलं व्यापारी नाव. हे औषध १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालं आणि १९५२ पासून मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं. भास आणि भ्रम यांवर खरोखर चालणारं हे पहिलं औषध. ते मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम दाबतं. त्याच्यामुळे जगभरात साखळदंडातले कितीतरी लोक मोकळे झाले, हे विसरून चालणार नाही. पण डोस जड झाला की माणूस पेंगतो, हात थरथरतात, चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात, पावलं फरपटत पडतात. ज्या इस्पितळात रुग्ण खूप आणि माणसं कमी, तिथे जड डोस ही सोय होऊन बसते.

विजेचे झटके १९३८ साली रोममध्ये सुरू झाले. मेंदूतून थोडा वेळ वीज सोडून मुद्दाम फिट आणायची. आज हा उपचार भूल देऊन, स्नायू सैल करून करतात; तीव्र नैराश्यात तो जीव वाचवतो, आणि त्याला नुसतं छळाचं साधन म्हणणं आजच्या रुग्णांवर अन्याय होईल. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता झटके द्यायला बंदीच केली आहे. पण १९६९ साली एका विशीतल्या मुलाला त्याची संमती न घेता, बंद दाराआड, तो वागायला अवघड आहे म्हणून झटके देणं ही वेगळी गोष्ट आहे. यातला किती भाग उपचार होता आणि किती शिक्षा, ही रेघ रस्कमध्ये कुणी आखत बसलं नव्हतं.

रोकी १९७२ मध्ये कोर्टात सुनावणी होऊन सुटला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, टेक्सासने कायदा बदलला आणि थोडा गांजा जवळ असणं किरकोळ गुन्हा ठरला.

भुतं, झाँबी आणि नोटरी

सुटल्यावर रोकीची गाणी बदलली. त्याने 'एलियन्स' नावाने बँड उभा केला. १९७५ साली आलेलं पहिलं गाणं दोन डोक्यांच्या कुत्र्याबद्दल. 'द ईव्हिल वन' या नावाने जमा झालेल्या १९८०-८१ च्या गाण्यांत सैतान आहे, पिशाच्चं आहेत, अणुशक्तीवर चालणारा मेंदू आहे. निर्माता होता क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचा स्टू कुक.

ही गाणी ऐकून, बघा, डोकं फिरलंय, असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. यातली कित्येक नावं १९४० आणि ५० च्या दशकांतल्या स्वस्त भयपटांची आहेत, जे त्याच्या पिढीच्या मुलांनी थिएटरात दाणे खात बघितले. एका गाण्यात तो जवळपास एकच ओळ, 'काल रात्री मी झाँबीसोबत चाललो', पुनःपुन्हा म्हणतो. पहिल्या चार वेळा हसू येतं. दहाव्या वेळेपर्यंत आपण ऐकू लागतो की हा माणूस ती गोष्ट सांगताना घाबरलेला नाही, तो एकटा आहे. चाल पक्की आहे, ताल चुकत नाही, शब्द बरोबर जागी पडतात. ज्याला आवाज ऐकू येतात त्याने त्या भीतीला राक्षसाचा चेहरा दिला आणि तीन मिनिटांच्या चौकटीत बसवली. हे कारागिराचं काम आहे.

आजार गाण्याबाहेर होता, आणि तो वाढत होता. १९८२ मध्ये रोकी म्हणू लागला की मंगळावरच्या जीवाने आपल्या शरीरात घर केलंय आणि आपण परके असल्यामुळे माणसं मनाच्या जोरावर आपल्यावर हल्ले करताहेत. त्याची काळजी वाटणाऱ्या एका व्यक्तीने हे हसण्यावारी उडवलं नाही. तिने नोटरी गाठला. 'मी या ग्रहावरचा नाही' असं निवेदन रोकीने नोटरीसमोर सही करून दिलं. त्याचा हिशोब असा की एकदा कागदोपत्री जाहीर केलं की आपल्या हातून कुठला आंतरराष्ट्रीय कायदा मोडला जाणार नाही. त्यानंतर हल्ले थांबले, असं त्याने सांगितलं.

या प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. भ्रमालाही आतून तर्क असतो, हे यात स्वच्छ दिसतं. ज्याला एकदा कायद्याने गाठून तीन वर्षं कोंडलं, तो पुढच्या संकटातून वाचायला कायद्याचाच कागद शोधतो.

१९८० च्या दशकात तो गाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. औषधं बंद. सरकारी मदतीवर, ऑस्टिनजवळ एका छोट्या घरात. त्या घराची एक गोष्ट भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने सांगितली आहे: आवाज. टीव्ही, रेडिओ, पोलिसांच्या संदेशांचा स्कॅनर, सगळं एकाच वेळी चालू, बरंचसं दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावलेलं. बाहेरच्या माणसाला तिथे पाच मिनिटं उभं राहवेना. रोकी त्यातच झोपायचा. मनोविकारतज्ज्ञांना याचं आश्चर्य वाटत नाही. आतले आवाज बुडवायला बाहेरचा आवाज वाढवणं हा या आजाराच्या कित्येक रुग्णांनी स्वतःच शोधलेला उपाय आहे. कुणी हेडफोन लावतं, कुणी मोठ्याने जप करतं. रोकीला ध्वनी समजत होता, म्हणून त्याने त्याची भिंतच बांधली.

१९८९ मध्ये त्याला पुन्हा अटक झाली, टपाल चोरीबद्दल. घर सोडून गेलेल्या शेजाऱ्यांची पत्रं तो गोळा करायचा आणि न उघडता आपल्या भिंतींवर चिकटवायचा. आरोप मागे घेतले गेले. पुढच्या वर्षी आर.ई.एम. आणि झीझी टॉप यांच्यासारख्या मोठ्या बँडनी त्याची गाणी गाऊन एक अल्बम काढला, त्याला पैसे मिळावेत म्हणून. कारण त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डचे पैसे त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. आयुष्यभर समोर येईल त्या करारावर तो सह्या करत गेला होता आणि कुठल्या गाण्याचा हक्क कुणाकडे, याचा पत्ता कुणालाच नव्हता.

दात

आता समनर. तो ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य वाजवायचा, आणि कोवळ्या वयातच पिट्सबर्ग सिम्फनीसारख्या मोठ्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली होती. २००१ मध्ये त्याने कोर्टात अर्ज केला की रोकीचं पालकत्व मला द्या.

विरुद्ध बाजूला आई होती. एव्हलिनने इतकी वर्षं लेकाला सांभाळलं होतं, आणि डॉक्टरी औषधांवर तिचा विश्वास नव्हता. देवावर होता. तिला दोष देणं सोपं आहे, पण इस्पितळाने 'उपचार' म्हणून तिच्या मुलाचं काय केलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या घराने एकदा रस्क पाहिलंय, त्या घराला गोळीची बाटली वेगळी दिसते. मला या खटल्यातल्या दोन्ही बाजू कळतात, आणि तरी समनर बरोबर होता.

प्रौढ माणसाचं पालकत्व म्हणजे उपचार, पैसे, राहणं यांचे निर्णय कोर्ट दुसऱ्याच्या हाती देतं. धोकादायक अधिकार आहे. वाईट हातात पडला तर माणूस पुन्हा कैदी होतो. समनरने त्याचं काय केलं? भावाला दंतवैद्याकडे नेलं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झाल्याने रोकीचे दात किडून गेले होते आणि त्यात जंतुसंसर्ग होता. नवी औषधं सुरू झाली, थोराझिनच्या मानाने कितीतरी कमी सुस्ती आणणारी. एक ट्रस्ट केला, वकील लावले, करारांचा गुंता उलगडायला घेतला. पैसे थोडेथोडे येऊ लागले. घरातला गोंगाट हळूहळू कमी झाला.

यात नाट्यमय असं काही नाही. दात, गोळ्या, कागदपत्रं, झोप. ३० वर्षांत कुणी हे सगळं एकत्र केलं नव्हतं, एवढंच.

२००५ मध्ये ऑस्टिनच्या मोठ्या संगीत महोत्सवात रोकी कित्येक वर्षांनी पूर्ण मैफल गायला. किंचाळी तशीच लागली. २००७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, तो पहिल्यांदा लंडनला गायला गेला. पुढे त्याचे कायदेशीर अधिकारही त्याला परत मिळाले. २०१५ साली ऑस्टिनमध्ये एलिव्हेटर्सचे हयात लोक पुन्हा एका स्टेजवर आले, बुधल्यासकट. स्टेसी सदरलँड नव्हता. १९७८ मध्ये पत्नीच्या हातून गोळी लागून तो गेला होता. रोकीचं निधन ३१ मे २०१९ रोजी झालं, वय ७१.

त्याचा शेवटचा अल्बम २०१० चा, 'ट्रू लव्ह कास्ट आउट ऑल ईव्हिल'. ओकर्व्हिल रिव्हर या बँडच्या विल शेफने त्याच्या जुन्या, न छापलेल्या गाण्यांच्या ढिगातून डझनभर निवडून तो तयार केला. इथे भुतं नाहीत. बहुतेक गाणी प्रेमाची, देवाची, कोंडलं जाण्याची, आणि त्यातली काही रस्कमध्ये लिहिलेली. सुरुवात नव्या रेकॉर्डिंगने होत नाही. एव्हलिन भेटीला जाताना टेपरेकॉर्डर घेऊन जायची. त्या टेपवर आधी नुसती खरखर ऐकू येते, मग एक साधी गिटार, आणि मग विशीतला रोकी, अजिबात न किंचाळता, आईने समोर धरलेल्या यंत्रात हळू आवाजात गाऊ लागतो.